हिरडी पलटण

आत्याने माणसं मारली आहेत, अशी आमच्या गल्लीत बातमी होती. एखाददुसरं नव्हे, घाऊक.

बातमी सोडली शेजारच्या काकूंनी. काकूंचं स्वयंपाकघर आणि आत्याचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत आहे, पण ती नावाला. इकडे कुणी शिंकलं की तिकडे रुमाल निघतो. तर त्या भिंतीला कान लावून, म्हणजे काकूंच्या भाषेत "सहज ओटा पुसता पुसता", त्यांनी आत्याला फोनवर बोलताना ऐकलं, आणि मग भेटेल त्याला ते ऐकवलं. ऐकवायची रीत ठरलेली. आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, मग आवाज पोटात ओढायचा.

"म्हणाली, कालच्यात बारा गेले. म्हणाली, उरलेल्यांना रविवारपर्यंत घासून काढते. आणि शेवटी काय म्हणाली, हे मी माझ्या ह्या कानांनी ऐकलंय हं, म्हणाली, सेनापतीचं डोकं अजून मऊ आहे, उकळून काढलं की होईल घट्ट. उकळून. डोकं."

इस्त्रीवाल्यापर्यंत पोचेतो बाराचे पन्नास झाले. औषधाच्या दुकानात आत्या कुठल्याशा परक्या फौजेला जाऊन मिळाली. केस कापायच्या दुकानात तिच्या माळ्यावर दारूगोळा सापडला, आणि ज्याने तो सापडवला तो कधी तिच्या जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढलेला नव्हता.

खुलासा असा, की आत्याने आजवर झुरळही मारलेलं नाही. झुरळ दिसलं की ती खुर्चीवर चढते आणि त्याला वरून तोंडी समज देते. गेलेले ते बारा जण उभे राहून अंगठ्याएवढे होते, ते तिनेच घडवलेले होते, आणि ते गेले होते सायकलच्या दुकानामागच्या खोलीत, एका टेबलावर, फाशांच्या खेळात. उकळण्याचं तेवढं खरं. ते तिच्या धंद्यातलंच काम.

आत्या कवळ्या करते. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, एका खिडकीची. डॉक्टरीणबाई पुढे तोंडाची मापं घेतात आणि ती मागे आत्याकडे येतात. आत्या मापावरून प्लास्टरचा जबडा ओतते, मेणात हिरडी कोरते, दात एकेक करून लावते, मग मेण वितळवून त्याच्या जागी हिरडीच्या रंगाचा मसाला दाबते, साचा आवळते आणि पातेल्यात उकळत ठेवते. उकळलं की मसाला दगड होतो. त्यानंतर घासायचं, चकाकी आणायची, आणि निळ्या झाकणाच्या डबीत पाण्यात ठेवायचं. पाण्याबाहेर कवळी सुकते, तिचा आकार बिघडतो. आत्याचा हात ह्या कामाला इतका सरावलेला, की चहाचा कप रिकामा झाला तरी ती त्यात दोन बोटं पाणी घालून ठेवते.

खोलीच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, सगळे वासलेले. नवा माणूस आत आला की दचकतो. आत्याला त्यांची सोबत वाटते. "सगळे गप्प," ती म्हणते, "आणि सगळे ऐकतात. घरी असं कुठे असतं."

खेळाची गाठ पडली ती विमा विकणाऱ्या एका गृहस्थांमुळे, त्यांना सगळे विमावाले म्हणतात. ते दात बसवायला आले आणि खिशात खेळातला एक मोडका घोडेस्वार घेऊन आले. त्यांचं बोलणं एका विशिष्ट गाडीरस्त्याने चालतं, तो रस्ता कधी बदलत नाही.

"ताई, देव न करो, पण समजा ह्याचा हात कायमचाच गेला. तर तुमच्याकडे काही उपाय?"

आत्याने भिंग डोळ्याला लावलं, हिरडीच्या मसाल्याचा कणभर गोळा घेतला आणि हात जोडून दिला. वर मूठही वळवून दिली, कारण मूठ उघडी राहिली तर तलवार कशी धरणार. विमावाले त्या मुठीकडे बघत राहिले, आणि पुढच्या रविवारी आत्या सायकलच्या दुकानामागच्या खोलीत होती.

ते दुकान शिट्टीकाकांचं. काका तरुणपणी फुटबॉलचे पंच होते. गुडघा गेला, शिट्टी राहिली. आता ती तोंडाच्या कोपऱ्यात धरूनच ते बोलतात, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडी हवा वाजते. खेळ त्यांनी आणि चारपाच मित्रांनी मिळून बसवलेला. काळ हजारो वर्षांनंतरचा. माणसं ताऱ्याताऱ्यांवर पांगलीत आणि भांडणं मात्र सोबत घेऊन गेलीत. प्रत्येक खेळाडूने योद्ध्यांचा आपला एक पंथ रचायचा: नाव, रंग, शपथ, चालीरीती. पण हवेतून काढलेलं चालणार नाही.

"पाय इतिहासात," काका म्हणत, "डोकं आभाळात. फुर्रर्र."

म्हणजे खऱ्याखुऱ्या जुन्या लोकांकडून काहीतरी उचलायचं आणि ते ताऱ्यांवर नेऊन बसवायचं. विमावाल्यांनी गवताळ मैदानांवरचे घोडेस्वार उचलले होते. त्यांचे घोडे जमिनीपासून वीतभर वर उडत आणि वाऱ्यासारखे येऊन वाऱ्यासारखे जात. एका शाळामास्तराने बर्फाळ किनाऱ्यावरचे दर्यावर्दी घेतले होते, त्यांची गलबतं उल्कांमधून वाट काढत. सगळ्यांचे पंथ शूर, उग्र, आणि काळ्या नाहीतर लाल रंगाचे.

आत्याने वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणली. जबड्यांच्या फळीखाली बसून डबा खाता खाता वाचली. लढाया तिने भराभर उलटल्या. तिचं बोट भलत्याच ओळींवर थांबायचं. जुन्या काळच्या एका पायदळात, तिने वाचलं, प्रत्येकाची ढाल निम्मी स्वतःला झाकते आणि निम्मी डावीकडच्याला. म्हणजे तुझा जीव तुझ्या हातात नाही, उजवीकडे उभा आहे त्याच्या हातात आहे. उंच डोंगरांतले कुणी लोक दोरीला गाठी मारून मोजदाद ठेवत. वाळवंटातले तांडे मुक्काम हलवण्याआधी डोकी मोजत. आत्याने ह्या तिन्ही गोष्टी एकत्र कालवल्या आणि तिचा पंथ उभा राहिला. नाव गाठकरी.

गाठकऱ्यांचं काम एकच. एखादा ग्रह बुडायला आला, सगळे पळून चालले, की सर्वांत शेवटी निघायचं आणि कुणी राहिलं नाही ना ते बघायचं. प्रत्येकाच्या कमरेला दोरी, दोरीला पलटणीतल्या प्रत्येकाच्या नावची गाठ. निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या डावीकडच्याचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्याने ओ द्यायची. एक जरी ओ आली नाही, तरी कुणीही पाऊल उचलायचं नाही. जिवंत असो, जखमी असो, मेलेला असो, सापडेतो शोधायचं. शपथ तिने एका ओळीत लिहिली: मोजल्याशिवाय निघायचं नाही.

दोऱ्या दात साफ करायच्या दोऱ्याच्या केल्या. नावंही धंद्यातूनच आली. पुढच्या फळीतले दोघे पटाशी, थोरला आणि धाकटा. त्यांच्यामागे सुळा, उपदाढ, दाढ आणि बाकीचे. सेनापतीचं नाव अक्कलदाढ, सगळ्यांत उशिरा येते म्हणून. आणि एकाचं नाव दुधी. तो तिने कोरलेला पहिला शिपाई. तेव्हा हात बसला नव्हता, त्यामुळे त्याचा एक पाय आखूड झाला आणि चेहरा जरा रडवेला. खेळात त्याला इतरांच्या निम्म्या चालीने चालायची परवानगी होती. आत्याने त्याला टाकला नाही, नवा केला नाही, तसाच पलटणीत घेतला.

आता इतक्या सगळ्या शौर्यकथांमधून आत्याला नेमकी मोजणीच का आवडली, हे घरच्यांना वेगळं सांगायला नको होतं.

ती लहान असताना सगळं घर, चुलत, मावस धरून, नदीपलीकडे सहलीला गेलं होतं. परतताना नाव सुटायच्या वेळी पोरं मोजायचं काम दादाकडे, म्हणजे तिच्या थोरल्या भावाकडे. दादाने मोजली आणि भरली. त्यात एक पोर परक्या कुटुंबातलं होतं, ते गर्दीत ह्यांच्यात येऊन उभं राहिलं होतं. आत्या तेव्हा काठावर चप्पल शोधत होती. तिने वर पाहिलं तेव्हा नाव मध्यावर पोचली होती. मग तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने तिला बिस्किटं दिली आणि स्टुलावर बसवलं, आणि दिवस मावळताना दादा आणि त्यांचे वडील न्यायला आले.

एवढंच झालं. तिला कुणी मारलं नाही, पळवलं नाही. पण ही गोष्ट घरात जमणाऱ्या प्रत्येक पंगतीत निघते, आणि तिचा शेवट ठरलेला आहे. कुणीतरी डोळे पुसत म्हणतं, "आणि कळलं कधी, तर जेवायला बसल्यावर. एक ताट जास्त उरलं तेव्हा." सगळे हसतात. आत्याही हसते. दादाही हसतो, पण तो लगेच पाणी प्यायला उठतो.

पलटण पूर्ण झाली आणि आत्याने ती रविवारी टेबलावर मांडली, तेव्हा सगळे टेबलावर वाकले. मग विमावाल्यांनी घसा साफ केला.

"ताई, राग मानू नका. पण हा रंग."

"काय झालं रंगाला?"

"हिरडी आहे ही."

"मसाला तोच होता हाताशी."

"देव न करो, पण समजा ही पलटण चालून आली, तर शत्रू घाबरून पळणार नाही हो. चूळ भरेल."

खोली हसली. नाव तिथेच पडलं, हिरडी पलटण. आत्याने त्यांच्यावर वरून काळा रंग द्यायचा विचार केला आणि सोडून दिला. गुलाबी रंगाला ती आयुष्यभर रोज हात लावत होती. तो तिला हसण्यासारखा वाटत नव्हता. तो रंग बसला की माणसं पुन्हा चावतात.

हरणं मात्र खरं होतं. शपथेमुळे. बाकीचे पंथ माघार घेताना पडलेल्याला तिथेच सोडून सुसाट निघत. गाठकरी थांबत, मोजत, परत जात, उचलत, आणि तेवढ्यात उडते घोडे येऊन त्यांचा भुगा करत. प्रत्येक वेळी परत जाण्याचं कारण बहुतेक दुधीच असायचा. काकूंनी ऐकलेले ते बारा जण असेच एका दुधीपायी गेले होते.

आणि आता दीक्षेची लढाई आली. ती वर्षातून एकदाच असते. नवा पंथ खरा ठरायचा तर दोन अटी. सेनापती टेबलाच्या कुठल्याही कडेवरून जिवंत बाहेर पडला पाहिजे, आणि पंचांच्या डोळ्यांदेखत शपथ मोडली नाही पाहिजे. जिंकायची अट नाही. पण दोन्हींतली एक जरी हुकली तरी पंथ बाद. बाद म्हणजे कायमचा. ते नाव, तो रंग, ती शपथ पुन्हा त्या खोलीत आणायची नाही, दुसरं काहीतरी रचून पुढच्या वर्षी यायचं.

"रचशील की दुसरं," भाची म्हणाली. ही भाची म्हणजे दादाची मुलगी. तिला नकला करायची खोड. शाळेतल्या बाई, बसचा कंडक्टर, विमावाले, सगळे तिच्या घशात भाड्याने राहतात. जबड्यांच्या खोलीत ती स्टुलावर बसून आत्याला पटवत होती.

"दुसरं नाही रचायचं मला," आत्या सुळ्याच्या दोरीला गाठ मारत म्हणाली.

"मग दुधीला सोड. एकदाच. त्याला काय कळतंय, तो मसाल्याचा आहे."

"बाकीच्यांना कळतं ना."

"तेही मसाल्याचेच आहेत गं आत्या."

"असू देत."

"देव न करो," भाचीने विमावाल्यांचा घसा काढला, "पण समजा ताई, सेनापती दाराशी आहे आणि दुधी पार तिकडे पडलाय. तुम्ही काय करणार? सोडणार. लिहून देतो."

"पैज?"

"पैज. सोडलंस तर सगळी पलटण हिरवी रंगवायची, माझ्या हाताने."

आत्याने गाठीपुढचा दोरा दातांनी तोडला. "आणि नाही सोडलं तर महिनाभर स्वतःच्या आवाजात बोलायचं. एकाचीही नक्कल नाही. काकूंचीसुद्धा."

भाचीने महिन्याचे दिवस बोटांवर मोजले. पण तिने आत्याचं आजवरचं आयुष्य पाहिलं होतं. आत्या पटकन नमतं घेते, रांगेत पुढे घुसणाऱ्याला "तुम्ही या आधी" म्हणते. भाचीने टाळी दिली.

लढाईच्या आदल्या संध्याकाळी आत्याने दोन कामं संपवली. एक, निवृत्त हेडमास्तरांची वरची कवळी. दुसरं, सेनापती अक्कलदाढ, ज्याचं लढाईत फुटल्यावर नव्याने बसवलेलं डोकं अखेर घट्ट झालं होतं. दोन्ही घासून चकचकीत केली, आणि सरावलेल्या हाताने दोन्ही निळ्या झाकणाच्या डब्यांत, दोन बोटं पाण्यात, बुडवून ठेवली. सेनापतीला पाण्याची काहीएक गरज नव्हती. पण हाताला कोण सांगणार. दवाखान्याच्या माणसाने जाताना एक डबी उचलली आणि हेडमास्तरांकडे पोचवली.

सकाळी दादाने आत्याला आणि भाचीला दुकानाशी आणलं आणि तोही आत येऊन बसला. तो बेकरीचा टेम्पो चालवतो, आणि रविवारी पाव लवकर वाटून होतात. आत खोलीत टेबल मांडलेलं. शिट्टीकाका इस्त्रीच्या शर्टात. आत्याने पलटण उभी केली आणि शेवटी निळी डबी उघडली. आतून हेडमास्तरांचे दात तिच्याकडे बघून हसले.

त्याच क्षणी फोन वाजला. आवाजात हवा फार होती आणि दात अजिबात नव्हते.

"बाई, मी हेडमाफ्तर बोलतोय. डबी उघडली. आत दात नाहीत. आत एक फिपाई आहे."

"सर, चूक झाली हो माझी."

"पोहतोय तो."

"सर, मी..."

"फिपाई छान आहे. तक्रार नाही. पण दुपारी फाळेत माझा फत्कार आहे, आणि ह्याला तोंडात बफवून मला भाफण करता येणार नाही."

भाचीचे कान टवकारले. असा आवाज जन्मात एकदा मिळतो.

आत्या खुर्चीवर बसली. हेडमास्तरांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. शिट्टी वाजायला थोडाच अवकाश, आणि शिट्टीच्या वेळी खेळाडू टेबलाशी नसला की पंथ बाद. शिट्टीकाकांनी नियम चाळले आणि तोंड उजळलं.

"काही बिघडत नाही. सेनापतीऐवजी काहीही ठेवता येतं. बटण. झाकण. पोरीला टेम्पोतून पाठवा, दात देईल, सेनापती आणेल. तोवर झाकण सेनापती. फुर्रर्र."

सगळ्यांना पटलं. दादा किल्ली घेऊन उठलासुद्धा. आत्याने डबीचं निळं झाकण अक्कलदाढीच्या जागी ठेवलं. मग रीतीप्रमाणे मोजणी सुरू केली, हलक्या आवाजात, प्रत्येकावर बोट ठेवत. दुधीने सुळ्याचं नाव घेतलं. सुळ्याने दाढेचं. दाढेने थोरल्या पटाशीचं. असं करत बोट धाकट्या पटाशीपाशी आलं. त्याच्या डावीकडे झाकण होतं.

"अक्कलदाढ," आत्या म्हणाली.

झाकणाने ओ दिली नाही. आत्याच्या डोळ्यांसमोर उगाचच एक स्टूल आलं, बिस्किटाचा पुडा आला, आणि नदीत लहान होत गेलेली नाव आली. नावेतही त्या दिवशी मोजणी बरोबरच भरली होती. कुणीतरी होतंच तिच्या जागी.

तिने झाकण उचललं. "नाही जमायचं, काका. सेनापती तिकडे एकटा आहे. मोजल्याशिवाय आम्ही निघत नाही. मी त्याला आणायला चालले, सगळ्यांना घेऊन."

"ताई, पंथ बाद होईल," काका म्हणाले. शिट्टी त्यांनी तोंडातून काढली होती, त्यामुळे वाक्य सरळ आलं.

"होऊ दे. शपथ मोडून राहिला तरी तो बादच की."

ती एकेक शिपाई कापसात ठेवू लागली. मग विमावाल्यांनी घसा साफ केला.

"काका, मी प्रतिस्पर्धी ना? रणांगण निवडायचा हक्क कुणाचा?"

"प्रतिस्पर्ध्याचा."

"मग देव न करो, पण समजा मी हेडमास्तरांचं जेवणाचं टेबल निवडलं. तर?"

काकांनी नियम पुढून वाचले, मागून वाचले. हे टेबलच हवं असं कुठे म्हटलेलं नव्हतं. आणि जरा वेळाने पावांच्या वासाने भरलेल्या टेम्पोत मागे सगळे दाटीवाटीने बसले होते, घोडेस्वार, पंच, भाची आणि मांडीवर पलटण घेऊन आत्या.

"उपकार नाहीत हे," विमावाले वाटेत म्हणाले. "तिथेही मी तुमचा भुगाच करणार आहे."

"करा की," आत्या म्हणाली.

हेडमास्तरांनी दार उघडलं. सेनापती त्यांनी एका बशीत उभा करून ठेवला होता. आत्याने आधी त्यांना दात बसवले, एक टोचणारी कड घासून दिली. हेडमास्तरांनी दोनदा जबडा मिटला, उघडला आणि पहिलं वाक्य खणखणीत काढलं. "सर्वांनी शिस्तीत बसा." भाची मनातून हळहळली. तो जुना आवाज गेला.

टेबलावरचा पाण्याचा जग, मिठाची बरणी आणि वर्तमानपत्रांची थप्पी तशीच ठेवली, ते डोंगर झाले. मोजणी झाली. ह्या वेळी अक्कलदाढीने ओ दिली, म्हणजे आत्याने. शिट्टी वाजली.

विमावाले बोलल्याप्रमाणे वागले. घोडे मिठाच्या बरणीला वळसा घालून आले आणि गाठकऱ्यांची पुढची फळी कोलमडली. आत्याने पडलेल्यांना उचललं, दोघांमागे एक असे खांद्यावर घेतले आणि ओळ धरून खिडकीकडच्या कडेला सरकू लागली. कड दोन चालींवर आली. सेनापती वाचला होता.

तेवढ्यात एका घोडेस्वाराने जाता जाता दुधीला पाडलं. दुधी नेहमीप्रमाणे मागे राहिला होता, पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या जगाच्या आड.

विमावाल्यांनी आपले सगळे घोडे काढले आणि खिडकीच्या कडेशी आणून भिंतीसारखे उभे केले, सेनापती निसटता निसटता धरायला. त्यांनी उरलेल्या फटीकडे बोट दाखवलं. "ताई, फट आहे. एकटा सेनापती धावला तर निघेल. पुढच्या चालीला नाही निघणार. हे मी शत्रू म्हणून नाही सांगत."

"जा ना आत्या," भाचीच्याच तोंडून निघालं. पैज ती विसरली होती.

आत्याने मोजलं. बोट दुधीच्या जागेवर थांबलं. तिला आशा वगैरे काही नव्हती. तिने फक्त सगळी ओळ उलट फिरवली, सेनापतीसकट, आणि जगाकडे निघाली.

विमावाल्यांनी फासे उचलले, आणि ते हातातच राहिले. ते टेबलाकडे बघत बसले. त्यांचा एकूण एक घोडा खिडकीशी होता. जगाकडच्या अर्ध्या टेबलावर त्यांचं चिटपाखरू नव्हतं, आणि भिंत केलेले घोडे पुन्हा उडायला नियमाने बऱ्याच चाली जात. गाठकरी निवांत चालत गेले, दुधीला उचललं, आणि तिथल्याच कडेवरून, पाठलाग पोचायच्या आत, खाली उतरले. बरेच खांद्यावर होते. पण सगळे होते.

"मागे कोण फिरतं," विमावाले स्वतःशीच म्हणाले. "मी इतकी वर्षं खेळतोय. मागे कुणी फिरतं का?"

शिट्टीकाकांनी लांब शिट्टी फुंकली आणि गाठकरी पंथ खरा झाला. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, मग सत्काराला उशीर होतोय असं म्हणून सगळ्यांना शिस्तीत बाहेर काढलं.

खाली टेम्पोत सगळे चढले. दादाने किल्ली लावली, इंजिन सुरू केलं, आणि बंद केलं. तो उतरून मागे आला. दार धरून उभा राहिला. आत्याकडे त्याने पाहिलं नाही.

"डावीकडच्याचं नाव घ्या," तो म्हणाला. "एकेक करून."

काकांनी विमावाल्यांचं नाव घेतलं. विमावाले "हजर" म्हणाले. त्यांनी भाचीचं घेतलं, भाचीने आत्याचं. आत्याने ओ द्यायला थोडा वेळ लावला. दादा तिथेच उभा राहिला. ओ आल्यावर त्याने दार लावलं, आणि पुढे जायच्या आधी काचेतून पुन्हा एकदा मोजलं.

घराशी उतरताना आत्याने भाचीपुढे हात पसरला. "पैज."

भाचीने तोंड उघडलं, विमावाल्यांच्या आवाजात काहीतरी सुरू होणार होतं, ते गिळलं, आणि स्वतःच्या, जरा पोरकट निघालेल्या आवाजात म्हणाली, "हरले."

ती भाची मी. महिना अजून संपलेला नाही. काकूंपुढून मी मान खाली घालून जाते, हेडमास्तरांचा तो दात नसलेला आवाज घशात नुसता वळवळतो, आणि घरचे विचारतात की हिला बरं नाहीये का. पैज म्हणजे पैज, मी एकाचाही आवाज काढलेला नाही. लिहिण्याबद्दल मात्र काही ठरलं नव्हतं.